घराच्या मागं एक

कॉलेज आमच्या खाडीपासून बोटीनं चार तास, पुढं बसनं सहा.
म्हणून कॉलेजच माझ्या स्वयंपाकघरात येतं
मंगळवारी साडेसातला, भांडी विसळून झाल्यावर.
विषयाचं नाव लांबलचक: सामाजिक माध्यमं आणि सहयोगी साधनं.
मी बत्तीस वर्षं कारखान्यात कॉड चिरला,
एका पट्ट्याशी अकरा जणी, अकरा सुऱ्या, एक लय.
सहयोग मला कुणी शिकवावा?
पण कारखाना बंद पडला, आणि शिकायचे पैसे सरकार देत होतं.

पहिल्या आठवड्यात प्रोफाइल.
मी बोटीचा फोटो लावला.
मिसेस फरलाँग म्हणाल्या, माणसाचा हवा, ड्रुसिला.
दुसऱ्या आठवड्यात कोण कुणाशी जोडलेलं, त्याचा नकाशा.
माझ्या नावाभोवती तीन ठिपके,
त्यातला एक
टायर विकणारा.

मग गट पाडले. चौघांनी मिळून एकच पान लिहायचं,
एकाच वेळी, चार ठिकाणांहून.
नेनची मिरियम पामाक, तिचा कर्सर जांभळा.
गँडरच्या इस्पितळात रात्रपाळी करणारी मेव्हिस, केशरी.
मी निळी.
आणि हिरवा गार्लंड स्ट्रिकलंड,
दूर अल्बर्टात डांबरी वाळूचा ट्रक हाकणारा,
बारा तासांची पाळी संपवून, छावणीतल्या खाटेवरून.

विषय मी सुचवला: कॅप्लिन टिकल.
गाव उठलं तेव्हा मी तीन वर्षांची, गार्लंड सात.
घरं पिंपांवर बांधून पाण्यातून ओढत नेली,
खिडक्यांना पडदे तसेच.
मला त्यातली फक्त एक ओली दोरी आठवते.
बाकी सगळं ऐकीव.
गार्लंडला मात्र पायवाटासुद्धा पाठ.

तो लिहायचा हळू, एका बोटानं. आम्ही बघत राहायचो.
मेव्हिस त्याचं ऱ्हस्वदीर्घ तो पुढं सरकायच्या आत नीट करायची.
एकदा तो चिडला: बाई, माझं वाक्य मला संपवू दे.
आम्ही हसलो. प्रत्येकजण आपापल्या खोलीत.

नवव्या आठवड्यात, पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी
त्यानं लिहिलं:
आमच्या घराच्या मागं एक

एवढंच.
पूर्णविराम नाही. मागोमाग काही नाही.
दहाव्या आठवड्यात हिरवा रंग आला नाही, अकराव्यातही.
छावणीचा फोन वाजत राहायचा.

मिरियमनं समासात लिहिलं: एक काय?
मेव्हिस म्हणाली, विहीर असेल.
विहीर? त्या खडकात?
कुत्र्याचं थडगं. होडी. शिडी. चेरीचं झाड.
मी म्हटलं, तिथं चेरी होत नाही,
आणि लक्षात आलं, हेसुद्धा मला नक्की माहीत नाही.

मिसेस फरलाँगनी अर्ध्या वाक्याचे दोन गुण कापले.
पुसून टाका, म्हणाल्या, तर परत देईन.
जुन्या आवृत्त्या उघडून मी सगळं मागं मागं नेलं:
मेव्हिसचं खोडणं, माझे उतावीळ स्वल्पविराम,
आणि त्याखाली तो, एकेक अक्षर,
घर, घरा, घराच्या.
पुसलं नाही.
दोन गुणांत कुणाचं काय जातं.

काल वर्ग संपून महिना झाला.
चहा ठेवला आणि सवयीनं ते पान उघडलं.
वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका.
मग त्या 'एक'च्या पुढं
हिरवी रेघ,
लुकलुकत.

मी काही टाइप केलं नाही.
दोन्ही हात मांडीवर घेतले.
उंबऱ्याशी आलेल्या माणसाला घाईनं 'ये' म्हटलं
की तो कधीकधी परत फिरतो.
किटली शिट्टी वाजवत राहिली,
वाजवू दिली.